मोठ्या दुकानाशी पहिला करार: सही करण्याआधी

पहिली पर्चेस ऑर्डर आली त्या दिवशी आम्ही गाळ्यात पेढे वाटले होते. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये मी आणि माझी जाऊ मिळून मसाल्यांचं छोटं युनिट चालवतो. गोडा मसाला, काळा मसाला, मेतकूट. तोवर आमचा माल नौपाड्यातल्या दहा-बारा दुकानांत आणि घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमधल्या दिवाळी प्रदर्शनांत खपायचा. आता एकदम एका साखळी सुपरमार्केटच्या २२ शाखा! सात महिन्यांनी भर दुपारी शटरसमोर छोटा हत्ती येऊन थांबला आणि ड्रायव्हरनं ४१ खोकी उतरवली. आमचीच. सोबत पूर्ण रकमेची डेबिट नोट, म्हणजे तेवढे पैसे आमच्या बिलातून कापल्याचा कागद. पाकिटांवरची मुदत संपायला अजून दोन महिने होते. जावेनं फाइल काढली, दोघी करार घेऊन बसलो, आणि १९व्या पानावर सापडलं: एकूण मुदतीच्या एक तृतीयांशाहून कमी मुदत उरलेला माल खरेदीदार खरेदीच्या भावानं परत करू शकेल. आमच्या मसाल्याची मुदत नऊ महिने. सही माझीच होती.

तेव्हापासून मी कोणताही करार उलटा वाचते. आधी परतावा, म्हणजे माल परत येण्याच्या अटी, मग पैसे कधी मिळणार, मग दंड आणि कपाती, आणि भाव सगळ्यात शेवटी. नवीन माणसाचा सगळा जोर मार्जिनवर खर्च होतो. पण समोरच्या बायरचं, म्हणजे दुकानासाठी खरेदी ठरवणाऱ्याचं, स्वतःचं टार्गेट त्याच आकड्यावर मोजलं जातं, त्यामुळे तिथे तो फारसा हलत नाही. बाकीच्या कलमांत त्याचा हात बराच मोकळा असतो. छोट्यानं मागायचं ते तिथे.

कागद आधी, भेट नंतर

एफएसएसएआयचं (अन्नसुरक्षेचं) लायसन्स, जीएसटी, जीएस१ इंडियाकडून घेतलेला ८९०नं सुरू होणारा बारकोड, पाकिटावर वजनमापाच्या नियमांप्रमाणे एमआरपी, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि ग्राहक तक्रारीचा पत्ता. हे नसेल तर वेंडर कोडच, म्हणजे पुरवठादाराचा क्रमांकच, मिळत नाही, त्यामुळे यावर जास्त लिहीत नाही.

ज्या कागदाकडे दुर्लक्ष होतं तो म्हणजे उद्यम नोंदणी, छोटा उद्योग म्हणून सरकारकडे होणारी. सरकारी पोर्टलवर ती फुकट होते. दोन-तीन हजार मागणारे एजंट भेटतील, त्यांना नमस्कार करा. १ एप्रिल २०२५पासून मर्यादा वाढल्या आहेत. यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असेल तर तुम्ही सूक्ष्म उद्योग. २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंत लघु. आपल्यापैकी बहुतेक जण पहिल्याच खान्यात बसतात.

या नोंदणीचा उपयोग असा. २००६च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) विकास कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्यानं लेखी ठरलेल्या तारखेला पैसे द्यायचे, आणि ती तारीख माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. लेखी काहीच ठरलं नसेल तर १५ दिवस. करारात ९० दिवस छापले असले तरी कायदा ४५च धरतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. आणि माल पोहोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर पोहोचल्याच्याच दिवशी तो स्वीकारला असं धरलं जातं. हे शेवटचं वाक्य दोनदा वाचा, पुढे कामाला येईल.

दोन अटी. नोंदणी माल पाठवण्याआधीची हवी, भांडण झाल्यावर केलेली नको. आणि हे संरक्षण उत्पादन किंवा सेवा करणाऱ्याला आहे, नुसती खरेदी-विक्री करणाऱ्याला नाही. वाशीच्या मार्केटमधून माल उचलून तसाच पुढे देत असाल तर यावर विसंबू नका. उद्यम क्रमांक प्रत्येक इनव्हॉइसवर छापा. नंतर 'आम्हाला माहीतच नव्हतं' असं म्हणायला जागा राहत नाही.

एका पाकिटाचा हिशेब

भेटीला जाण्याआधी एका पाकिटाचा हिशेब कागदावर मांडा. एकाच पाकिटाचा. टन आणि लाखांत मांडलं की गळती दिसत नाही.

समजा, १०० ग्रॅम गोडा मसाला, एमआरपी १२० रुपये. दुकान मार्जिन मागतं ३० टक्के, आणि ते एमआरपीवर असतं, तुमच्या भावावर नाही. म्हणजे ३६ रुपये गेले, उरले ८४. यात ५ टक्के जीएसटी आलाच, तो काढला की तुमचा मूळ भाव ८० रुपये. उत्पादन खर्च पाकिटासकट ५८ रुपये धरू. २२ रुपये सुटतात म्हणून माणूस खूश होतो.

आता पुढची पानं उलटा. 'बॅक मार्जिन', म्हणजे ठरलेल्या मार्जिनशिवाय बिलातून मागाहून होणारी कपात, ४ टक्के: ३ रुपये २० पैसे. 'डॅमेज अलाउन्स', खराब मालापोटीची कपात, २ टक्के: १ रुपया ६०. 'कॅश डिस्काउंट', लवकर पैसे देण्याबद्दलची सूट, २ टक्के: आणखी १ रुपया ६०. (पैसे ६० दिवसांनी देणारा कॅश डिस्काउंट कशाचा कापतो, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.) साखळीच्या भिवंडीच्या गोदामापर्यंतची वाहतूक पाकिटामागे ३ रुपये. राहिले ७० रुपये ६० पैसे. ६० दिवस पैसे अडकले, त्याचं बँकेचं व्याज दीड रुपयाच्या आसपास. उरले ६९. आणि शंभरातली दहा पाकिटं परत आली, तर त्या दहांचे ८००रुपये शंभर पाकिटांवर पसरतात, म्हणजे पाकिटामागे ८. राहिले ६१. खर्च ५८. हातात तीन रुपये.

आता बघा, मार्जिनमध्ये तासभर घासाघीस करून एक टक्का सोडवलात तर पाकिटामागे साधारण १ रुपया १५ पैसे मिळाले. परताव्याला ३ टक्क्यांची कमाल मर्यादा घालून घेतलीत तर साडेपाच रुपये वाचले. कशासाठी भांडायचं ते कागदच सांगतो.

हा हिशेब केल्यावर एक आकडा ठरवून डायरीत लिहून ठेवा: याखाली नाही म्हणायचं. तो भेटीच्या आधी लिहायचा. एसीत बसून, कॉफी पिताना, '२२ शाखा' ऐकल्यावर जो आकडा सुचतो तो खरा नसतो.

आपलं बळ कुठे आहे ते शोधा

समोरच्याकडे तुमच्यासारखे चाळीस मसालेवाले आहेत. तुमच्याकडे त्याच्यासारखे दोन. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण बळ दोन ठिकाणी असतं.

पहिलं, नाही म्हणता येण्यात. एकाच गिऱ्हाइकाकडे निम्म्याहून जास्त माल जात असेल तर तुम्ही वाटाघाटी करत नाही, विनवणी करता. आम्ही एका गिऱ्हाइकाला ३० टक्क्यांवर जाऊ देत नाही. हा आकडा शास्त्रातला नाही, दोन दिवाळ्या चटके बसल्यावर ठरलेला आहे. नौपाड्यातला किराणावाला महिन्याला चार खोकी घेतो, पण शनिवारी पैसे देतो. मोठा करार झाला म्हणून त्याचा माल तोडू नका.

दुसरं, दुकानाला जे हवं असतं आणि तुम्हाला स्वस्तात देता येतं, त्यात. वाशी, कोपरखैरणे, डोंबिवलीतल्या मराठी गिऱ्हाइकाला विशिष्ट चवीचा काळा मसाला हवा असतो. तो ठेवला नाही तर ती बाई बाकीचं सामानही जिथे मसाला मिळतो तिथूनच घेते. आपल्या इथल्या दुकानांचे विक्रीचे आकडे, गिऱ्हाइकांनी दुकानदाराला विचारलेली नावं, आठवड्याला किती पाकिटं जातात, हे एका पानावर नेलं की बायर वेगळ्या आवाजात बोलतो. आम्ही दुसऱ्या साखळीकडे गेलो तेव्हा गोखले रोडवरच्या एका दुकानाची सहा महिन्यांची बिलं घेऊन गेलो होतो. कॅटलॉग कुणी उघडलाही नाही.

कराराला हात न लावता करार बदलणं

पहिल्याच भेटीत हे वाक्य येणार:

"मॅडम, हा कंपनीचा स्टँडर्ड फॉरमॅट आहे. लीगलकडून येतो. यात कॉमासुद्धा बदलत नाही."

पूर्वी मी इथेच गप्प बसायचे. आता म्हणते, "फॉरमॅट राहू दे तसाच. आपण मागे एक पान जोडू. पुरवठ्याच्या अटी."

बायरला लीगलच्या दारात जायचं नसतं, आणि व्यापारी अटींचं परिशिष्ट बहुतेक ठिकाणी त्याच्या किंवा त्याच्या वरच्याच्या सहीनं होतं. त्या पानावर सगळ्यात वर एक ओळ हवीच: मुख्य करार आणि हे परिशिष्ट यांत फरक असेल तिथे परिशिष्ट ग्राह्य. ती नसेल तर पानाला रद्दीचा भाव.

त्या पानावर आम्ही काय मागतो ते सांगते. सगळं एकदम मिळत नाही.

परताव्याला कमाल मर्यादा, महिन्याच्या बिलाच्या ३ टक्के. त्याहून जास्त माल पडून असेल तर दुकानानं मुदत संपायच्या ९० दिवस आधी कळवायचं, म्हणजे सवलत लावून तिथेच काढता येतो किंवा दुसऱ्या शाखेत हलवता येतो. फोडलेलं, उंदरानं कुरतडलेलं, दुकानात भिजलेलं पाकीट परत घेणार नाही. गोदामातला पावसाळा आमच्या खात्यात का?

पैशांचे दिवस कुठल्या तारखेपासून मोजायचे, ते स्पष्ट. इनव्हॉइसची तारीख, माल उतरल्याची तारीख आणि 'सिस्टीममध्ये बुक झाल्याची' तारीख या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तिसरी कुणाच्या तरी सुट्टीवर अवलंबून असते. गोदामात माल उतरल्याची पावती, म्हणजे जीआरएन, हीच तारीख धरा.

कोणतीही डेबिट नोट पुराव्यासकट, १५ दिवसांत, आणि आम्ही उत्तर देण्याआधी पैसे कापायचे नाहीत. एवढं एक कलम मिळालं तरी बाकी पुष्कळ सुसह्य होतं. मोठ्या कंपनीत कपात करणारा माणूस वेगळा, बायर वेगळा, आणि दोघे एकमेकांना ओळखतही नसतात.

माल कमी पोहोचल्याचा दंड. ९५ टक्के पुरवठा झालाच पाहिजे असं लिहितात आणि ऑर्डर मात्र दोन दिवस आधी देतात. आम्ही दंडाला हरकत घेतली नाही. ऑर्डर सात दिवस आधी मिळाली तरच दंड लागू, एवढं लिहून घेतलं.

भाववाढ. फॉरमॅटमध्ये वर्षभर भाव गोठवलेला असतो. मसाल्यात ते आत्मघातकी आहे. वाशीच्या मसाला मार्केटमध्ये बेडगी मिरचीचा भाव १५ टक्क्यांहून जास्त हलला तर ३० दिवसांच्या सूचनेनं नवा भाव, असं आम्ही मागतो. मार्केटचा भाव कुणालाही तपासता येतो, त्यामुळे यावर वाद कमी होतो.

बदल्यात द्यायला काहीतरी खिशात ठेवा. रिकाम्या हातानं मागितलं की त्याला 'बघतो' म्हणणं सोपं जातं. शनिवार-रविवारी चव दाखवायला बाई उभी करणं, गणपती-दिवाळीचा जास्तीचा साठा राखून ठेवणं, ३० दिवसांत पैसे येणार असतील तर भावात एक टक्का. हा शेवटचा सौदा दोघांनाही परवडतो. डीमार्ट पुरवठादारांना लवकर पैसे देऊन भाव कमी करून घेतं, ही धंद्यातली सर्वांना माहीत असलेली गोष्ट आहे. त्यांचं कॉर्पोरेट ऑफिस आमच्याच वागळे इस्टेटमध्ये आहे, तेव्हा हा धडा शिकायला लांब जावं लागत नाही.

आणि २२ शाखा दिल्या तरी पाचच घ्या. तीन महिने ठाणे-मुलुंडच्या पाच शाखा, मग पुढे. हे सांगताना जीभ जड होते, मला माहीत आहे. पण २२ शाखांचा माल भरायला कर्ज काढलंत की नाही म्हणायचं बळ त्याच दिवशी संपलं.

ज्यावर मी सहीच करत नाही अशा गोष्टी थोड्या. विकला गेला तेवढ्याचेच पैसे, ही अट: यात दुकान तुमच्या पैशानं फळी भरतं, आणि ४५ दिवस कुठून मोजायचे यावरच वाद सुरू होतो. दुसरीकडे माल द्यायचा नाही, ही अट: किमान विक्रीची हमी असेल तरच बोलू. त्यांच्या ब्रँडखाली आपला मसाला बनवून देणं चालेल, पण मसाल्यातलं घटकांचं प्रमाण लिहून द्यायचं नाही. आणि 'कंपनी वेळोवेळी ठरवेल त्याप्रमाणे' हे शब्द जिथे जिथे येतील तिथे पेन्सिलनं गोल करा. पहिल्या करारात मी मोजले, १४ होते.

बोलणं झालं की लगेच ईमेल

लिफ्टमधून उतरल्यावर गाडीत बसायच्या आधी मी ईमेल टाकते. 'आजच्या भेटीत ठरलं त्याप्रमाणे परतावा ३ टक्क्यांपर्यंत. काही चुकलं असल्यास कळवावे.' बायर दर वर्ष-दीड वर्षानं बदलतो. त्याचं तोंडी वचन त्याच्याबरोबर जातं, ईमेल मागे राहतो. व्हॉट्सअ‍ॅपवर 'ओके मॅडम' आलं तर त्याचाही स्क्रीनशॉट फाइलमध्ये.

पैसे अडकले तर

लगेच तक्रारीला धावू नका. गिऱ्हाईक चालू ठेवायचं असेल तर क्रम असा ठेवा.

पहिला फोन बायरला न करता त्यांच्या अकाउंट्सला. आयकर कायद्यात २०२३ साली आलेली तरतूद २०२४-२५च्या आकारणी वर्षापासून लागू झाली: सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे कायद्याच्या मुदतीत दिले नाहीत, तर ती रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय खर्च म्हणून वजा होत नाही. उशीर झाला तरी त्याच आर्थिक वर्षात दिले तर त्यांचं काही बिघडत नाही. अडचण येते ती मुदत उलटून ३१ मार्चला थकलेल्या बिलांची. म्हणून फेब्रुवारीच्या शेवटी थकीत बिलांची यादी, उद्यम प्रमाणपत्र जोडून, नम्र भाषेत पाठवायची. आमची सगळ्यात जुनी थकबाकी अशीच, एका मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आली. धमकी द्यावी लागली नाही. त्यांच्या सीएनंच आतून पाठपुरावा केला. या तरतुदीमुळे एखादा खरेदीदार सुचवेल की उद्यम नोंदणी रद्द करा. अजिबात करू नका.

दुसरा मार्ग ट्रेड्स. तुमचं बिल खरेदीदारानं त्या ऑनलाइन मंचावर मान्य केलं की बँक तुम्हाला थोडी कपात करून पैसे देते आणि मुदतीला खरेदीदाराकडून वसूल करते. आरएक्सआयएल, एमवनएक्स्चेंज, इनव्हॉइसमार्ट हे असे मंच. २५० कोटींहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. त्यामुळे साखळीवाल्याला 'तुम्ही ट्रेड्सवर आहात का' हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारता येतो.

तिसरा मार्ग एमएसएमई मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज. तो सूक्ष्म-लघु उद्योग सुलभीकरण परिषदेकडे जातो. खरेदीदार देशात कुठेही असो, प्रकरण तुमच्या भागातल्या परिषदेपुढे चालतं, आणि करारात 'वाद बेंगळुरूच्या लवादापुढे' असं लिहिलेलं असलं तरी हा मार्ग बंद होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२२मध्ये तसं स्पष्ट केलं आहे. निकाल तुमच्या बाजूनं लागला आणि खरेदीदाराला त्याविरुद्ध कोर्टात जायचं असेल, तर त्याला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. पण खरं सांगायचं तर, अर्ज केलात की ते गिऱ्हाईक संपलं असं धरूनच करा.

'इतका एकतर्फी करार कोर्ट मान्य करेल का' असं मला बरेच जण विचारतात. १९८६च्या ब्रोजोनाथ गांगुली खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं, की विषम ताकदीच्या पक्षांमधली विवेकाला न पटणारी अट न्यायालय उचलून धरणार नाही. पण तो खटला नोकरीच्या अटींचा होता, आणि दोन्ही बाजू व्यापारी असतील तिथे हे तत्त्व लागू पडेलच असं नाही, हेही त्याच निकालात आहे. ब्रिटनमध्ये मोठ्या किराणा साखळ्या आणि त्यांचे पुरवठादार यांच्यासाठी २०१३पासून स्वतंत्र निवाडा अधिकारी आहे. आपल्याकडे किराणा साखळ्यांसाठी तसं कुणी नाही. म्हणून जी काय लढाई ती सहीच्या आधी.

एकट्यानं वाचू नका. वागळे इस्टेटमधली टिसा ही लघुउद्योजकांची संघटना किंवा रबाळ्याची ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन इथे तुमच्या आधी त्याच साखळीशी करार केलेलं कुणीतरी भेटतंच, आणि वकिलाच्या फीपेक्षा त्या माणसाबरोबरचा चहा स्वस्त पडतो. वकील दाखवाच, पण परताव्याची आणि कपातीची पानं आधी त्या माणसाला दाखवा.

पहिली गाडी

सही झाली, ऑर्डर आली, गाडी भिवंडीला निघाली. ड्रायव्हरबरोबर पहिल्या खेपेला स्वतः जा. गेटवर नंबर लागायला तीन-चार तास जातात, डबा बरोबर घ्या. खोकी उतरताना मोजणी तुमच्यासमोर होऊ द्या. शिक्का आणि सही असलेली पावती हातात आल्याशिवाय गाडी हलवू नका, आणि तिचा फोटो तिथूनच तिघांना पाठवा: बायर, अकाउंट्स आणि तुमची जाऊ. आमच्याकडे पहिल्या वर्षी १२ खोकी 'कमी' आली होती. पावतीवर आकडा पूर्ण होता, पण पावती ड्रायव्हरच्या खिशात होती आणि ड्रायव्हर गावी.